बायस पत्र

वेंगुर्ले,
त्रिपुरारी पौर्णिमा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडलीस आणि मी "बघूया" म्हणून फोन आईकडे दिला. त्यावरून ती मला दोन दिवस बोलतेय. "बोटां पेटयेर बरी चलतत, तोंडातसून मात्र शबूद भायर पडणा नाय." म्हणून लिहायला बसलो. सुरुवात आंब्यापासून करणार होतो, पण ती म्हणाली, आंबो नि आढी सोडून सांगा काय ता, दर वर्षी ताच. सोडलं.

तुझ्या बाई म्हणाल्या, ऑपेरातली ती मोठी भूमिका यंदा घेऊ नको, गळा दुखावलाय, वर्षभर हलकं गा. तू म्हणतेस, बरोबरीच्या मुली पुढे गेल्या आणि मी चोविसाव्या वर्षी हॉटेलात माईक धरून जॅझ म्हणू का?

चतुर्थीला आली होतीस तेव्हा एका बाईचं गाणं ऐकवलं होतंस, जेसी नॉर्मन. भाषा कळली नाही, पण आवाज ओसरीवरून थेट परसात गेला. तेव्हापासून पुतण्याच्या पाठीशी लागून तिची माहिती वाचून घेतो. जन्म 1945 चा, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी. काळ्या माणसांना वेगळं बसवायचे ते दिवस. आई पियानो वाजवायची, पोर चर्चमध्ये गायची आणि शनिवारी रेडिओवर ऑपेरा ऐकायची. सोळाव्या वर्षी फिलाडेल्फियाला मोठ्या स्पर्धेला गेली आणि तिथे नंबर आला नाही. पण त्याच फेरीत हॉवर्ड विद्यापीठात गाऊन दाखवलं आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. 1968 मध्ये म्युनिकची स्पर्धा जिंकली, 1969 मध्ये बर्लिनच्या ऑपेरात उभी राहिली. तुझ्याच वयाची होती.

आता इथे नीट वाच. बर्लिनला नाव झालं, मोठ्या भूमिका चालून येऊ लागल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिने ऑपेराचं स्टेज सोडलं. आपणहून. आवाज अजून पक्का व्हायचाय, वाढायचाय, म्हणून. मैफली केल्या, रेकॉर्ड केल्या, पण त्या साठ-सत्तर वाद्यांच्या डोक्यावरून माईकशिवाय आवाज फेकायचं काम काही वर्षं बंद. 1980 मध्ये हॅम्बुर्गला ऑपेराच्या स्टेजवर परत आली. 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या शंभराव्या मोसमाची पहिली रात्र, तेव्हा तिथे पहिल्यांदा गायली. अडतीस वर्षांची होती. आणि 1989 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा पॅरिसच्या भर चौकात फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणायला बोलावलं ते या अमेरिकन बाईला. झेंड्याच्या तीन रंगांचा घोळदार झगा घालून गायली. पुतण्याने व्हिडिओ दाखवला, आई तीनदा बघून गेली. (झग्यासाठी.)

हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. तुला ही गोष्ट कधी सांगितली नाही.

तुझ्या जन्माआधी आमच्या दशावतारी नाटक कंपनीत एक राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, होता, तेवीस वर्षांचा. दिवाळीनंतर जत्रांचे दहीकाले सुरू झाले की जवळजवळ रोज रात्री नाटक. त्याचा गळा खरा काळी एकचा. मालकाला पांढरी तीन हवी होती, वरच्या पट्टीला टाळी पडते म्हणून. डोक्यावर लोंबणारा एकच माईक, तोही अर्ध्या वेळेला कुरकुरणारा. मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं की हा पोरगा गळ्याने नाही, मानेच्या शिरांनी गातोय. पण पट्टी मी देत होतो. पेटीवरची बोटं माझी होती. एका रात्री गुपचूप खालच्या पट्टीवर उतरलो असतो तर मालकाला समजलंही नसतं. उतरलो नाही. शिमग्यापर्यंत ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी सगळं करून झालं. पुढच्या मोसमात तो खलपार्टी झाला, नुसता ओरडायला. त्याच्या पुढच्या मोसमात आलाच नाही.

आता तो कुडाळ स्टेशनवर रिक्षा चालवतो. भेटला की "काय पेटीवाल्यानू" म्हणतो आणि मला आणून सोडतो. भाडं घेत नाही. त्याने घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तर तुझ्या बाईंचं ऐक. त्यांनी जे केलं ते मला करता आलं नव्हतं.

आणि जॅझचं म्हणशील तर त्यात कमीपणा कसला? त्या नॉर्मनबाईने जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचं संगीत गायलंय आणि 2010 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, जॅझ आणि चर्चची गाणी असलेला आल्बम काढलाय. कोणी तिला एका खणात बसवू पाहिलं की म्हणायची, खण पाडण्यात रस कबुतरांना. (इंग्रजीत असं खणात बसवण्याला कबुतराच्या खणात घालणं म्हणतात, त्यावरून.) आपली कोंकणी गाणारी लोर्ना बघ, वीसेक वर्षं गप्प होती आणि 1995 मध्ये परत उभी राहिली. (ती गप्प का होती तो वेगळा विषय.) माईक म्हणजे कुबडी नव्हे. ऑपेरात शेवटच्या खुर्चीपर्यंत जावं लागतं, माईकपुढे श्वाससुद्धा ऐकू येतो. तिथे हळू गायला शीक. हळू आणि सुरात गाणं किती अवघड, हे रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या माणसांपुढे वाजवून मला माहीत आहे.

पैशांची काळजी करू नको. काजूचे थोडे आलेत, पाठवतो. दिवसा फोनवर बोलणं कमी कर आणि कुजबुजू तर अजिबात नको, त्याने गळा जास्त ताणतो.

मार्गशीर्षात आपली जत्रा आहे. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट मिळालं तर ये. गायचं नाही, नुसतं माझ्या बाजूला पेटीजवळ बसायचं, सुरुवातीचा संकासुर येऊन जाईपर्यंत तरी. कुडाळला उतर, मी त्याचीच रिक्षा सांगून ठेवतो. नको नको म्हणेल, पण पैसे दे त्याला. ऐकू नको.

तुझा,
बाबा