स्नोशू पायाच्या नंबरावर घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी ट्रेकच्या सामानाची यादी आली आहे. टोपी एक, बाटली एक, तसंच ‘स्नोशू : एक जोडी’. स्नोशू म्हणजे भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. अशाच एका ओळीपायी मी बर्फात तोंडावर पडलेलो आहे, म्हणून हे पत्र.

मी दारव्हा तालुक्यातला निवृत्त मास्तर. गेल्या जानेवारीत जुने विद्यार्थी मला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठ्याला घेऊन गेले. उंची साधारण १२,५०० फूट. पायथ्याला सामान भाड्यानं घेतलं. दुकानदारानं पायाचा नंबर विचारला, मी आठ म्हणालो, त्यानं ३० इंच लांबीची जोडी काढून दिली. वजन विचारलंच नाही. नंबर लागतो तो बुटाला. स्नोशूचं माप ठरतं वजनावर, आणि तेही अंगावरचे कपडे नि पाठीवरची पिशवी धरून. माझे ६२ किलो, ओझं १०. मला २५ इंची पुष्कळ होती.

आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या रानात बंडीचं चाक रुतलं की आपण खाली पऱ्हाट्यांचा भारा टाकतो. भार पसरतो, चाक निघतं. स्नोशूचं काम एवढंच. पण डांबरी रस्त्यावर कोणी पऱ्हाट्या अंथरतो का? केदारकंठ्याची वाट हिवाळाभर माणसांनी तुडवून टणक झालेली. तिथं बुटावर चढवायचे साखळीचे स्पाइक पुरतात. मी मात्र ती फळकुटं बांधून बदकासारखा चाललो, एकीची कड दुसरीवर पडली आणि गेलो पालथा. रागानं दोन्ही काढून पिशवीला लटकवली. मग लघवीला म्हणून वाट सोडून झाडांत दहा पावलं गेलो, तर मांडीपर्यंत आत! तिथं ताजा, भुसभुशीत बर्फ होता. स्नोशू हवे होते ते तिथं. पोरांनी हात धरून ओढून काढलं. फोटो आधी काढला, ते वेगळं.

उभ्या चढाचा बेत असेल तर जोडी उलटी करून पाहावी. पंज्याखाली पोलादी दात हवेत, चढावर टाच उचलून धरायला टाचेखाली उभी करायची पट्टी हवी. नाहीतर पोटऱ्या भरून येतात. डोंगराच्या कडेनं आडवं जायचं असेल तर चौकटीच्या कडांनाही दात पाहिजेत. गोल नळीची चौकट तिथं घसरते. आणि हातमोजे घालून पट्टा आवळता येतो का, हे दुकानातच बघावं. वर गेल्यावर उघडी बोटं दोन मिनिटांत लाकूड होतात.

यादी पुन्हा छापाल तेव्हा त्या ओळीपुढे वजनाचा रकाना ठेवा, आणि वाट तुडवलेली आहे की ताजी, हे निघण्याआधी तिथल्या गाइडला फोन करून विचारायला सांगा. आमच्या गावची दोन पोरं डिसेंबरात निघाली आहेत. एक ५० किलोचा, दुसरा ९५ चा. आपलं कात्रण घेऊन दोघंही सारखीच जोडी घ्यायला निघाले होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ