तुझा क्रोन आणि माझा क्रोन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि अहवालाची प्रत मिळाली. मलाही क्रोन, म्हणजे पचनमार्गाच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा हा आजार, असल्यामुळे पुढे काय होईल हे तू मलाच विचारावेस, हे साहजिक आहे. पण माझ्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नकोस. माझा दाह मोठ्या आतड्यात आहे, तुझा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

१९३२ साली क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी न्यूयॉर्कमध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा तो त्या शेवटच्या भागाचाच मानला गेला होता. प्रत्यक्षात तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले निरोगी भाग सोडून, उद्भवू शकतो. मला रक्तमिश्रित जुलाब होत, तर तुझे पोट उजवीकडे खाली दुखते. शिवाय बी १२ जीवनसत्त्व तुझ्या त्याच भागात शोषले जात असल्याने ते रक्तात तपासत राहावे लागते.

माझ्या मते जागेहूनही महत्त्वाचे आहे ते आजाराचे वर्तन. क्रोनचा दाह आतड्याच्या अस्तरापुरता न राहता भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. कोणाचा आजार नुसत्या दाहावर थांबतो. कोणाचे आतडे अरुंद होऊन अन्न अडते, पोट फुगते आणि उलट्या होतात. कोणाच्या बाबतीत तो भिंत भेदून शेजारचे आतडे, मूत्राशय किंवा त्वचेपर्यंत वाट काढतो आणि गळू होते. गुदद्वाराजवळचे भगंदर तर यांपैकी कशाच्याही जोडीला येऊ शकते, म्हणून त्याची वेगळी नोंद करतात. जागा सहसा बदलत नाही, वर्तन मात्र वर्षानुवर्षे बदलत जाते, आणि म्हणूनच बरे वाटत असतानाही औषध सोडायचे नसते. (तुझी सिगारेटही याच हिशेबात येते, तिने क्रोन बळावतो, हे निर्विवाद आहे.)

तुझ्या अहवालात आतडे अरुंद झाल्याचा उल्लेख आहे. ते सुजेमुळे असेल तर औषधाने उतरू शकते. पण व्रण भरून येताना घट्ट तंतू तयार झाले असतील तर औषधाचा फारसा उपयोग नसतो, मग फुग्याने तो भाग रुंदावणे किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी हेच विचार. गिळायच्या कॅमेऱ्याची तपासणी करून घेण्याचा तुझा बेत तोवर बाजूला ठेव, कारण अरुंद जागी ती कॅप्सूल अडकून बसू शकते.

डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव.

तुझा स्नेही