'घोरतेस का गं?' असं विचारणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नाव नाही. आमच्या पोळी-भाजी केंद्राच्या कोथरूडमधल्या गिऱ्हाइकांना ओळख पटलीच तर माझा नाइलाज आहे. सल्ल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि मी डब्याचे घेणार नाही म्हटल्यावर दुसरीकडे डबा लावायची धमकी दिलीत. मग आभार मानायला हे पत्रच उरलं. चारचौघांत लिहिते आहे, कारण आणखी एक डाएट करून बघावं की पोटाचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं, या प्रश्नापाशी घुटमळणारी मी काही एकटी नाही.

तेव्हा माझी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ८८ किलो होतं. मधुमेहाला अकरा वर्षं झालेली, गोळ्या वाढत चाललेल्या, तरी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.४. पहाटे कणकेची परात पुढ्यात घ्यायची ती दुपारी दोनपर्यंत उभ्यानंच. घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. सासूबाई म्हणायच्या, तोंडाला जरा आवर घाल. धाकट्या जाऊबाईंच्या ऑफिसातल्या कुणी ऑपरेशन करून 'कशी मस्त बारीक' झालेली. माझी बहीण म्हणे, चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं हे कसलं खूळ! नवरा काही बोलायचा नाही. जुना काटा चुकीचं दाखवतो असं म्हणून त्यानं नवा वजनकाटा मात्र आणला.

तुम्ही मला वर्षानुवर्षं बघत होता, पण वजनाचा विषय कधी काढला नव्हता. तो मीच काढला, तुमचा डबा द्यायला आले होते तेव्हा. काय खातेस, किती खातेस, गोड खातेस का, हे प्रश्न येणार म्हणून उत्तरं घोकूनच आले होते. तुम्ही विचारलंत, "घोरतेस का गं? आणि दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का?"

जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या बाईचा प्रश्न होता तो, हे मला नंतर कळलं. तुम्हीच झोपेची तपासणी करायला लावलीत. बोटाला, नाकाला, छातीला वायरी लावून रात्रभर झोपायचं. रिपोर्ट आला तेव्हा समजलं की झोपेत माझा श्वास तासाला ३८ वेळा अडखळतो, आणि ३० च्या वर गेलं की त्याला तीव्र म्हणतात. वजन, मधुमेह, गुडघे हे सगळं मला ठाऊक होतं. रात्रभर मी गुदमरते आहे हे कुणाच्या गावीच नव्हतं. डाएट असो वा ऑपरेशन, आधी सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं) लाव, असं तुम्ही बजावलंत. आठवडाभरात सकाळची डोकेदुखी गेली. वजन तेच, पण माणूस जागं झालं.

मग तुम्ही मला अभ्यास दिलात. डब्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून सगळी डाएटं लिहून काढायची. किती उतरलं, कशानं मोडलं, परत किती चढलं. दोन वेळा जेवायचं ते, कोबीच्या सूपचं ते, पनीर-अंड्यांवरचं कीटो, डब्यातल्या पावडरीचं महागडं प्रकरण, सगळं लिहिलं. वही तुमच्यासमोर ठेवताना कान तापले होते. तुम्ही चष्मा लावून शांतपणे वाचलंत आणि म्हणालात, "प्रत्येक वेळी उतरलंय की! म्हणजे तुला करता येतं. टिकत नाही, तो वेगळा आजार आहे."

तो वेगळा आजार कसा, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ साली छापून आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. मी लगेच हिशेब केला. तेल न लावलेल्या आमच्या चार-साडेचार पोळ्या. म्हणजे त्याच वजनाच्या बाईपेक्षा चार पोळ्या कमी खायच्या, भूक मात्र जास्त लागणार, आणि हे कायमचं. तुम्ही म्हणालात, दम्याच्या माणसाला कुणी 'जरा मनावर घेऊन श्वास घे' असं सांगत नाही. ते वाक्य मी सासूबाईंना जसंच्या तसं ऐकवलं. त्या दिवसापासून आवर घालण्याचा विषय बंद आहे.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही ऑपरेशनच्या बाजूच्या. मलाही वाटलं होतं. पण पुढच्याच बैठकीत तुम्ही डाएटची बाजू इतक्या जोरात मांडलीत की मी गोंधळलेच. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली आला. काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींची सूप आणि शेक, मग हळूहळू नेहमीचं अन्न. वर्षभरानं त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय काबूत होता, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. ऑपरेशन नाही, टाके नाहीत. मी म्हटलं, मग हेच करू की! तेव्हा तुम्ही खालची ओळ वाचून दाखवलीत. त्यात घेतलेल्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. "तुझा अकरा वर्षांचा आहे. अशक्य नाही म्हणत मी, पण हे आकडे तुझे नाहीत."

ऑपरेशनचीही तीच गत. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड अभ्यासात पाच वर्षांनी साखरेचा आकडा ६ किंवा त्याखाली किती जणांचा, तर नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्ह केलेल्यांत (जठर कापून लहान करतात) २३ आणि पोटाचा बायपास केलेल्यांत (जठराची लहान पिशवी थेट आतड्याला जोडतात) २९. मी २९ ला धरून बसले. तुम्ही म्हणालात, शंभरातल्या उरलेल्या ७१ जणांचंही ऑपरेशन झालंच होतं, त्यांचा विचार कर. गोळ्या कमी होतील, इन्सुलिन लांबेल, पण मधुमेह गेला असं गृहीत धरून टेबलावर चढू नकोस. धोक्यांचंही तसंच सांगितलंत. अनुभवी टीम असेल तर जीव जाण्याचा धोका हजारात एखादा, पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. शिवलेल्या जागेतून गळती शंभरात एखाद्याला. पायात गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन, आणि त्याच संध्याकाळी उठून चालणं.

इंजेक्शनांचाही पर्याय होता. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोवी. भाचीनं व्हिडिओ पाठवून भंडावून सोडलं होतं. वजन चांगलं उतरतं, पण सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवीतलं औषध, बंद केलेल्या लोकांचं उतरलेलं दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे तेही चालूच ठेवायचं. माउंजारो आलं तेव्हा सगळ्यात लहान डोसची कुपी साडेतीन हजारांची होती, आणि ती दर आठवड्याला एक. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर विचारावं.

आता औषधाच्या एका टोपणाबद्दल. खोकल्याच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं, आत रेघा असलेलं. तुम्ही त्यात ३० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी ओतलंत आणि शेजारी माझ्याच डब्यातली मटकीच्या उसळीची वाटी ठेवलीत. "बायपासनंतर जेवण उतरायची पिशवी सुरुवातीला एवढी. आणि ही तुझी वाटी." ती उसळ त्या टोपणात चमच्यानं भरायला लावलीत मला. दीड चमच्यात टोपण भरलं. रोज शेकडो पोळ्या लाटणारी बाई मी, मापाची मला सवय आहे, पण ते माप बघून पोटात गोळा आला.

त्याच वेळी नवरा तुम्हाला विचारत होता, एवढं करण्यापेक्षा आणखी एकदा डाएटच का नको? तुमचं उत्तर आमच्या घरात आजही चालतं: ऑपरेशन हा डाएटच्या ऐवजीचा रस्ता नाहीच. ऑपरेशननंतरही डाएटच आहे, आणि ते जन्मभराचं. आधी प्रथिनं, रोज निदान ६० ग्रॅम. जेवताना पाणी नाही, आणि नंतर अर्धा तास नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायम. ऑपरेशन एवढंच करेल की भूक थोडी गप्प बसेल आणि शरीर उलट ओढणार नाही. हे कबूल असेल तर सर्जनकडे जा, नसेल तर पैसे वाचव.

पहिल्या ठिकाणी मला अर्ध्या तासात स्लीव्हची तारीख मिळाली होती. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा कापून कायमचा काढून टाकतात, उरते ती नळी. सोपं, सुटसुटीत, सगळे करतात, असं सांगितलं गेलं. मी खुशीत तुम्हाला तारीख सांगितली. तुम्ही विचारलंत, "रात्री घशाशी आंबट येतं, उशा रचून झोपतेस, ते त्यांना सांगितलंस? एंडोस्कोपी केली का?" केली नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या सर्जनकडे केली, तर अन्ननलिका खालून सोललेली आणि जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. अशा माणसाची जळजळ स्लीव्हनं वाढू शकते, म्हणून त्यांनी बायपास सुचवला. लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची. हिमोग्लोबिन ९.८ होतं, ते वर येईपर्यंत त्यांनी तारीख दिली नाही, हेही मला आवडलं. तुम्ही लिहून दिलेले प्रश्न मी त्यांना कागदावरून वाचून विचारले: वर्षाला किती करता, रात्री गळती झाली तर हजर कोण असतं, आहारतज्ज्ञ किती वर्षं बघणार? ते हसले, पण प्रत्येकाचं उत्तर दिलं.

विम्याचंही तुमच्यामुळेच मार्गी लागलं. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३८. विमा नियामकाच्या नियमात ४० किंवा त्याहून जास्त असेल तर थेट, आणि ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर तीव्र स्लीप ॲप्निया (तोच झोपेत श्वास अडखळण्याचा आजार) किंवा काबूत न येणारा मधुमेह यांसारखा आजार हवा, शिवाय शस्त्रक्रियेविनाचे उपाय करून ते फसलेले हवेत. झोपेचा रिपोर्ट होताच. फसलेल्या उपायांसाठी माझ्या फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि हिशेबाच्या वहीतल्या त्या पानांची झेरॉक्स जोडली. कीटोचा एवढा उपयोग आयुष्यात झाला नव्हता.

खरं सांगू का, या सगळ्यापेक्षाही मी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. मला ऑपरेशनची भीती नव्हतीच, भुलीची होती. डोळे मिटले की उघडणार नाहीत, असं रात्र रात्र वाटायचं. हे कुणाला सांगावं? हसतील. तुम्ही हसला नाहीत. मला पलंगावर आडवं केलंत, पाठीखाली आणि डोक्याखाली घड्या घालून चादरी रचल्यात, कानाचं भोक आणि गळ्याखालची खाच एका पातळीत येईपर्यंत. "वजनदार माणसाला असं झोपवतात. श्वासाची वाट सरळ होते. मग भरपूर प्राणवायू, मग भूल, मग नळी. जागं करतानाही असंच, घाईनं नाही. सीपॅप सोबत ने, आणि तिथल्या भूलतज्ज्ञाला ३८ चा आकडा पहिल्या वाक्यात सांग." त्या दिवशी थिएटरमध्ये खरंच तशा घड्या रचायला लागले, आणि मी मनात म्हटलं, ही माणसं डॉक्टरबाईंच्याच शाळेतली दिसतात. पुढचं आठवत नाही.

आता वजन ६६ आहे, साखर ६.४, गोळी एकच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं म्हणून रडले नाही. म्हणजे, एकदाच रडले. गोड पोटात गेलं की साखर झपकन आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, म्हणून पाडव्याच्या श्रीखंडाची चव आता शेजारच्या वहिनी बघतात. त्यांचं वजन वाढायला लागलंय, तेवढं तुम्ही बघा.

एक सांगायचं राहिलं. केंद्रातल्या आमच्या भाजी चिरणाऱ्या बाईंची मुलगी परवा विचारत होती, मीही करू का? तिचा बीएमआय २९, वय चोवीस, साखर नॉर्मल, लग्न तोंडावर. मी 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही. तिला वही दिली आहे आणि लिहून आण म्हटलंय. लिहून झालं की तुमच्याकडे पाठवू ना? गरोदरपणासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, हे तिच्या आईला तुमच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

माझी रक्ततपासणी पुढच्या सोमवारी आहे. रिपोर्ट डब्याबरोबर पाठवते. बी१२ खाली आलं असलं तर रागवा, पण नवऱ्यासमोर नको.

तुमची,
डबेवाली