फिजिओथेरपीच्या ताईंना एका एसटी चालकाचं पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

कंबर अजूनही अधूनमधून दुखते. तरीही वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात मी गाडी चढवतो, आणि ते तुमच्यामुळे. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे आलो तेव्हा नोकरी सोडायचं मनात जवळजवळ पक्कं झालं होतं. क्लच दाबला की कळ यायची. ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नको, काही उचलू नको’ हेच ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकत होतो. तुम्ही एमआरआय पाहिलात आणि सांगितलंत, कंबर अजिबात न दुखणाऱ्या, पन्नाशीतल्या १०० माणसांचा एमआरआय काढला तरी ८०एक जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या अशाच झिजलेल्या दिसतात. वयानं केस पिकतात तसंच हे. माझी निम्मी भीती तिथेच उतरली.

त्याआधी तुम्ही विचारलेलं मी आता सगळ्यांना सांगतो. लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, बसायच्या जागी बधिर झालंय का, पायातली ताकद चाललीय का? यातलं काही असेल तर व्यायाम नाही, तडक दवाखाना.

मग ती वाटी! हात-गुडघे टेकवून मला ओणवं केलंत, कंबरेवर पाण्यानं भरलेली स्टीलची वाटी ठेवलीत आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे उचलायला लावलात. सगळं पाणी पाठीवर. तुम्ही शांतपणे वाटी पुन्हा भरलीत. आज मुक्कामाच्या गाडीवर असलो तरी सतरंजी टाकून हा व्यायाम करतो. स्टँडवर गाडी लागली की खाली उतरून चालतो. ‘दुखलं तर कमी करा, बंद करू नका,’ हे तुमचं वाक्य मला औषधापेक्षा जास्त लागू पडलं.

कंबरेचा पट्टाही सुटला. जुनाट कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन (म्हणजे कंबर ताणून धरणं) सरसकट वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलंय, हे तुम्ही समजावून दिलंत. माझ्या ड्युटीचा तक्ता मागवून त्यात व्यायाम बसवलात, एवढं कोण करतं?

आमच्या डेपोतला एक चालक रजा टाकून अंथरुणावर आहे. सोमवारी त्याला तुमच्याकडे घेऊन येतोय.

आपला ऋणी,
एक एसटी चालक