गोन्सालो गार्सिया ‘पाद्री’ नव्हते

महोदय,

नागासाकीच्या २६ हुतात्म्यांवरील रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना त्यात ‘पाद्री’ म्हटले आहे, ते खटकले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे दुभाषे म्हणून गेलेले गोन्सालो त्या संघातले ब्रदर होते. पुरोहितपदाची दीक्षा त्यांनी घेतलेली नव्हती. आपल्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या देशात त्यांना क्रुसावर चढवले, तिथे त्यासाठी तेव्हाही वेगळे शब्द होते. पोर्तुगीज ‘पाद्रे’चे जपानी जिभेवर ‘बातेरेन’ झाले, तर ‘इरमांव’ म्हणजे बंधू, त्याचे ‘इरुमान’. हिदेयोशीचा १५८७ चा हद्दपारीचा हुकूम बातेरेनांविरुद्धचा म्हणूनच ओळखला जातो. आपला ‘पाद्री’ही त्याच ‘पाद्रे’चा, म्हणजे बातेरेनचा सख्खा भाऊ!

आजच्या जपानीतही सगळ्या ख्रिस्ती धर्मगुरूंना एकाच नावाने हाक मारून भागत नाही. कॅथलिकांचा ‘शिंपु’, प्रोटेस्टंटांचा ‘बोकुशी’. शिंपु लिहिताना देव आणि पिता ही चिन्हे येतात, बोकुशीत गुरे राखणे आणि गुरू. नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी ‘पाळक’ म्हणतात, तो बोकुशीच की! शिंपुला आदराने ‘सामा’ लावतात, बोकुशीला मात्र शाळेतल्या मास्तरांसारखे ‘सेन्सेई’. कॅथलिक बिशप ‘शिक्यो’, तर अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स बिशप ‘शुक्यो’.

अर्थात सामान्य जपानी माणूसही घोळ घालतोच. हॉटेलच्या चॅपलमध्ये झगा घालून लग्न लावणाऱ्या परदेशी गृहस्थाला (पुष्कळदा त्याला कसलीच दीक्षा नसते) कुणी शिंपु म्हणतो, कुणी बोकुशी. सरकारदरबारीसुद्धा पोपना वर्षानुवर्षे ‘होओ’ म्हणत, हा मूळचा बौद्ध परंपरेतला शब्द. तिथले कॅथलिक चर्च ‘क्योको’ म्हणत असूनही सरकारने तो शब्द उचलला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या भेटीच्या तोंडावर.

आपल्याला तर नवे शब्द घडवायचेही कष्ट नाहीत. फादर, पाळक, ब्रदर, बिशप हे सगळे मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या वापरातले आहेत. लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत एवढी दुरुस्ती जरूर करावी. छायाचित्राखालची ओळही बदलावी, तिथे ‘फादर गोन्सालो’ असे छापले आहे.

– एक वाचक, वसई