वॉरंटीच्या काळात फुगलेल्या बॅटरीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल उत्पादक कंपनी

विषय : बॅटरी विनामूल्य बदलून देण्यास सेवा केंद्राने दिलेल्या नकाराबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा मोबाइल मी गेल्या दिवाळीत सीताबर्डी येथील दुकानातून घेतला असून त्याची एक वर्षाची वॉरंटी अद्याप संपलेली नाही. मे महिन्यात त्याची बॅटरी फुगली आणि मागचे झाकण एका कडेने इतके उचलले गेले की फटीत नख सहज जाते आणि टेबलावर ठेवल्यास मोबाइल डुगडुगतो. तो कधी पडलेला किंवा भिजलेला नाही, तसेच सोबतच्या चार्जरखेरीज दुसरा चार्जर त्याला लावलेला नाही. तरीही आपल्या अधिकृत सेवा केंद्राने जॉबशीटवर ‘अतिउष्णतेत वापर’ असा शेरा मारून दुरुस्तीचा पूर्ण खर्च मागितला आहे.

माझा आक्षेप या शेऱ्याला आहे. माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान दिले आहे, हे तेथील कर्मचाऱ्याने मला ओळीवर बोट ठेवून दाखवले. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते व आत वायू साठल्यास फुगते, याविषयी माझा वाद नाही. परंतु मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो हे आपल्या विक्री विभागालाही ठाऊक असणार, आणि ही मर्यादा काटेकोर पाळायची तर मार्चपासून पाऊस येईपर्यंत मोबाइल कूलरसमोरून हलवताच येणार नाही. खोक्यावर ही अट छापलेली नाही व विक्रेत्यानेही ती सांगितली नाही. ज्या शहरात आपण भर उन्हाळ्यात सवलती जाहीर करून मोबाइल विकता, तेथील उन्हाळा हा ग्राहकाचा गैरवापर कसा ठरतो?

मी विमा प्रतिनिधी असल्याने डोक्याला दुपट्टा बांधून दुपारीही फिरावे लागते. हप्त्यांचे व्यवहार, बँकेचे ओटीपी, इतकेच काय, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोडही याच मोबाइलवर येतो. यूपीआयची नोंदणी सिमसह त्या मोबाइलशी जोडलेली असते, त्यामुळे कोणाचा फोन उसना घेऊन भागत नाही. मोबाइल चार्ज करू नका, असे केंद्राने तोंडी बजावले. तेच लिहून मागताच मात्र टाळाटाळ झाली.

तरी सदर शेरा रद्द करून बॅटरी व झाकण विनामूल्य बदलून द्यावे आणि काम होईपर्यंत पर्यायी मोबाइल द्यावा, ही विनंती. १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक, नागपूर

सोबत : बिल व जॉबशीटची छायाप्रत, मोबाइलची छायाचित्रे