जोडलेल्या त्या दोन वायरी

प्रिय मित्रा,

तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, त्याबद्दल रागव, तुझा हक्क आहे. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. पण कालच्या पत्रात तू जाता जाता लिहिलंस ना, ‘न्यूट्रल स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून टाकल्या, तीन दिवस होडीचं इंजिन मस्त सुरू झालं, आता परत ते सुरूच होत नाही’, ते वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

आधी त्या वायरी सोडव. पत्र नंतर वाच.

लीव्हर गिअरमध्ये असताना सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरू नये एवढ्याचसाठी तो स्विच आहे. आता तुझ्या होडीत लीव्हर पुढे राहिला आणि पोरांपैकी कुणी चावी फिरवली, तर इंजिन सुरू होता होताच होडी उसळी घेणार. उभा असलेला माणूस मागे पडतो, आणि मागे पंखा असतो. शिडीला धरून कुणी पाण्यात असेल तर त्याचं काय होईल हे लिहायला हात धजत नाही. सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या, दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारण्याची तुझी जुनी सवयही याच जातीची. तिथे वर ठिणगीही उडते, आणि झाकणाखाली पेट्रोलची वाफ साठलेली असू शकते.

आणि खरं सांगू, त्या स्विचचा दोष नव्हताच. तूच लिहिलं आहेस की चावी फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं आणि पुढे काही नाही. तो टक् सोलेनॉइडचा. म्हणजे फ्यूज, चावीचा स्विच आणि न्यूट्रल स्विच, तिघांतून करंट सोलेनॉइडपर्यंत पोचला. आवाजच आला नसता तर या तिघांवर आणि सोलेनॉइडच्या बारीक अर्थ वायरवर (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या) संशय घेतला असता. टकटकटकटक अशी सलग लागली असती तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे म्हटलं असतं. एकच टक् म्हणजे जाड वायरींचा रस्ता, सोलेनॉइडच्या आतले जळके पॉइंट, नाहीतर खुद्द सेल्फ. तीन दिवस चाललं ते बहुधा वायरी हाताळताना शेजारचा एखादा सैल जोड हलून बसला म्हणून.

दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, आता नवा सेल्फ आणणार म्हणतोस. शाळेतही गणित चुकलं की तू पेन बदलायचास! थांब जरा. मल्टिमीटर घे, डीसी 20 व्होल्टवर ठेव.

सुरुवातीला पंखा काढ, लीव्हर न्यूट्रलला, प्लगच्या टोप्या काढून इंजिनच्या उघड्या धातूला अर्थ कर. टोप्या नुसत्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारलास तर स्पार्क तयार करणारं सीडीआय युनिट जळू शकतं. किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करायच्या स्विचची, दोरीची क्लिप काढून ठेव. काही इंजिनांत क्लिप काढली की सेल्फही फिरत नाही, पण तुझ्यात फक्त स्पार्क बंद होतो.

चार्ज करून काही तास ठेवलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवायला हवी. 12.2 म्हणजे अर्धी रिकामी, तिच्यावर पुढची तपासणी करूच नकोस. आता वहिनींना चावी फिरवायला सांग आणि मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकव, वरच्या क्लॅम्पवर नको. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ अडकून भलताच करंट ओढतोय. पण टक् होऊनही आकडा 12.6 वरून जेमतेम हलला, तर मोठा करंट निघालाच नाही, वाटेत कुठेतरी अडलाय. माझा अंदाज हाच.

मग ती जागा शोधायची. चावी धरलेली असतानाच एक सुई पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर. नंतर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर. मग त्याच्या पलीकडच्या बोल्टपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. शेवटी सेल्फच्या अंगापासून निगेटिव्ह खुंटीपर्यंत. ही अर्थची बाजू सगळे विसरतात. चांगल्या जोडावर मीटर जवळपास शून्य दाखवतो. सेल्फ फिरत असताना सगळी पॉझिटिव्ह बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत, अर्थ 0.3 च्या आत हवी. जिथे मीटर व्होल्ट दाखवेल, तिथे ते वाया जातायत. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर टक् झाल्यावरही 12 राहिले तर आतले पॉइंट गेले, सोलेनॉइड बदल. पण त्याआधी चावी धरून त्याच्या बारीक टर्मिनलवर 11 च्या आसपास येतायत ना, तेवढं बघ. तिथे 8 च येत असतील तर बिचारा नीट ओढणार कसा?

बॅटरीवरचे ते कान असलेले नट अजून तसेच आहेत ना? त्यावरून आपण संध्याकाळभर भांडलो होतो, मी अजूनही माझ्या बाजूला आहे. हाताने आवळलेला नट इंजिनच्या थरथरीने सुटतोच. आत नायलॉनची कडी असलेले धातूचे लॉकनट लाव आणि पान्याने आवळ. जाड वायरचा लग (टोकाची धातूची कडी) सगळ्यात खाली, थेट खुंटीला टेकलेला; चार्जर-दिव्यांच्या बारीक वायरी त्याच्या वर. मध्ये वॉशर नको, ग्रीस जोड आवळल्यावर वरून. निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायची, सगळ्यात शेवटी लावायची.

लग बाहेरून चकचकीत दिसतो म्हणून फसू नकोस. त्याच्या मागची वायर वाकवून बघ. करकर वाजली किंवा पिचल्यासारखी लागली तर बोटभर आवरण सोल. आत तांबं काळं पडलेलं किंवा हिरवी भुकटी झालेली दिसेल. लाल तांबं लागेपर्यंत काप. लागलंच नाही तर अख्खी वायर बदल, कथिल चढवलेली घे, लग दाबून बसव आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढव.

सेल्फच्या बोल्टवर 11 येऊनही तो ढिम्म असेल तर मगच तो उघड. पण आधी प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरतंय का बघ, इंजिनच जाम असेल तर सेल्फ काय करणार? बहुधा सेल्फच्या आतले कार्बन ब्रश झिजलेले किंवा काळ्या भुकटीत अडकलेले असतात. एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नकोस, मध्ये दोन मिनिटं थंड होऊ दे.

न्यूट्रल स्विच परत जोडलास की मीटर बझरवर ठेवून तपास: न्यूट्रलला वाजला पाहिजे, पुढे आणि मागे दोन्ही गिअरला गप्प. मधेच वाजला तर लीव्हरच्या केबलची जुळणी करावी लागेल.

धाकटीला नोकरी लागली हे वाचून फार आनंद झाला, तिला वेगळं लिहितोच. आईंना नमस्कार. घराच्या कामाचं काय झालं?

चारही जागांचे आकडे कागदावर लिहून पाठव, आणि त्याच्या वर पहिल्या ओळीत ‘वायरी सोडवल्या’ असं लिही. ती ओळ येईपर्यंत पोरांना होडीजवळ जाऊ देऊ नकोस.

तुझाच